बाईंच्या तळहातावरचा कपटा

“हे तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही,” बर्फोबा म्हणाला. “आणि कुणाला पटलंच, तर त्यानं घरी जाताना डॉक्टरला प्रकृती दाखवून जावं.”

एवढं बोलून तो थांबला आणि कपातल्या चहावर फुंकर घालत बसला. चहा केव्हाच निवला होता. पण गोष्ट सुरू करण्याआधी कुठे थांबायचं आणि किती ताणायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

नाट्यगृहात गार हवेचं यंत्र बसलं होतं, म्हणून छताचे जुने पंखे उतरवले होते. ते रंगमंचावर एका कडेला निजवून ठेवले होते, पाती एकीकडे, मोटारी एकीकडे. लग्नघरी उशिरा आलेले पाहुणे जागा मिळेल तिथे आडवे होतात तसे. पंख्यांना निरोप द्यायचा म्हणून नव्या व्यवस्थापकानं जुन्या मंडळींना दुपारच्या चहाला बोलावलं होतं. जुनी मंडळी म्हणजे जी उरली होती ती. पडदेवाला आला होता. उभ्या आयुष्यात त्यानं तो भलाथोरला पडदा एका हाताने वर नेला होता आणि आता त्याला स्वतःचा सदरा डोक्यावरून काढायला सून लागत होती. नव्यांपैकी लाइटवाली होती, खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन कामातून वेळ काढून ऐकायला बसलेली. आणि बर्फोबा होता.

बर्फोबानं जन्मभर एकच काम केलं होतं: रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर चढून कागदी बर्फ पाडणं. तरुणपणी त्याला सगळे बर्फ्या म्हणत. केस पिकले तसा तो कुणी न ठरवता बर्फोबा झाला. त्याच्याकडे सांगायला गोष्टही एकच होती. नाटकाच्या अगदी शेवटी नायिका बाकावर एकटी बसलेली आहे, बर्फ पडतोय, ती हात पुढे करते, आणि त्या हजारो कपट्यांतला एक, नेमका एक, तिच्या तळहातावर येऊन बसतो. एखाद्या प्रयोगाला नव्हे. प्रत्येक प्रयोगाला. ही गोष्ट त्यानं बारशाला सांगितली होती, सुतकात सांगितली होती, आणि एकदा दाढ काढून घेताना अर्धी सांगून उरलेली दाढ निघाल्यावर पुरी केली होती.

गोष्टीला वैरी होता तो घरातलाच. बायकोचा धाकटा भाऊ. हवा, पाणी, धूर, वाहणारं म्हणून जे काही आहे ते कसं वाहतं आणि त्यात सापडलेल्या कणांची काय गत होते, हे शिकवण्यात त्याची हयात गेली, म्हणून त्याला घरातसुद्धा प्रोफेसर म्हणत. प्रोफेसरांचं म्हणणं एवढंच, की असं एकदा होईल, फार तर दोनदा. रोज होणार नाही. कुणालाच जमणार नाही. यावर बर्फोबा वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आला होता: “गणित तुझं, पण डोळे माझे.” आणि प्रोफेसरांना गप्प बसावं लागे, कारण डोळ्यांपुढे गणित काय करणार.

आज मात्र प्रोफेसरांनी डाव साधला होता. ते येताना बाईंना घेऊन आले होते.

बाई म्हणजे तीच नायिका. नाटक बंद झाल्यावर त्या दूरच्या गावी मुलीकडे गेल्या, त्या पुन्हा इकडे फिरकल्या नव्हत्या. आता त्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर आडवी काठी, पाठ मात्र अजून ताठ. त्यांनी ही गोष्ट बर्फोबाच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती.

“भाऊजी, आज बाईंसमोर सांगा,” प्रोफेसर म्हणाले होते. “आम्हाला सांगता तशीच. शेवटी बाईंनी मान हलवली तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही हलवली, तर तुम्ही उघडायचं नाही. आहे कबूल?”

सगळ्यांच्या देखत विचारल्यावर कबूल नाही कसं म्हणणार. पण बर्फोबाला हे नको होतं. त्याचं कारण वेगळं होतं. गोष्ट सांगता सांगता इतक्या वर्षांत तिला चांगलंच बाळसं आलं होतं. त्यात एक शिंकणारा गृहस्थ आला होता, एक न्हावी आला होता, आणि हे दोघे कुठून आले हे बर्फोबाला पक्कं ठाऊक होतं. बाईंनाही कळणारच. पण गाभा खरा होता. बाईंच्या हातावरचा कपटा त्यानं वरून, स्वतःच्या डोळ्यांनी, प्रत्येक प्रयोगाला पाहिला होता. तेव्हा आज नुसता गाभा सांगायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं. शिंक नको, न्हावी नको. ती गोष्ट गेली तर त्याच्यापाशी दुसरी नव्हती.

“नाटक नवीन होतं,” त्यानं सुरुवात केली. “मालकांनी हौसेनं बर्फ घातला. बर्फाला काय लागतं? पतंगाचा कागद आणि कात्री. कपटे आमच्या हिनं कापले. घरभर कपटे. अंथरुणात कपटे, जेवणात कपटे. सासूबाई राहायला आल्या, त्यांच्या अंबाड्यातून जाताना मूठभर निघाले.”

“आईच्या अंबाड्याचं खरं आहे,” प्रोफेसर म्हणाले. “तेवढं मी मान्य करतो.”

“आभारी आहे. तर माळ्यावर लांबलचक झोळी टांगलेली, तिला खाली चिरा. दोरी हलवली की चिरांतून बर्फ झिरपायचा. आणि प्रयोग संपला की झाडूनं गोळा करून पुन्हा झोळीत. इथेच आमची चूक झाली.”

“कसली चूक?” लाइटवालीनं विचारलं.

“अगं, झाडताना नुसता बर्फ येतो का? स्टेजवर जे काही सांडलंय ते सगळं येतं. खिळे, आकडे, नायकाच्या कोटाचं बटण, खलनायकाची अर्धी मिशी. चार-सहा प्रयोगांनी आमच्या झोळीत बर्फापेक्षा संसारच जास्त झाला. एके दिवशी बाई बाकावर बसल्यात, गंभीर प्रसंग, आणि वरून केसांचा आकडा खट्‌कन पडला तो विंगेत निघालेल्या नायकाच्या टाळक्यात.”

“नायकाचं टाळकं कुठे,” पडदेवाला म्हणाला. “टोपाला लागला. टोप जागचा हलला.”

बाई हसल्या. बर्फोबाला जरा धीर आला.

“पण हातावर काही पडेना,” तो पुढे म्हणाला. “बाई हात पसरून बसायच्या आणि कपटे चहूकडे. मांडीवर, पायाशी, विंगेत. हात कोरडा. एकदा तर वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, बाई, तिकडे पडला, डावीकडे. सगळं नाट्यगृह हसलं. शेवटचा प्रसंग, लोकांनी डोळे पुसत घरी जायचं, ते पोट धरून गेले.”

त्यावर मालकांनी त्याला बोलावलं होतं. मालक ओरडणारे नव्हते, ते हळू बोलत, आणि ते हळू बोलले की माणसं हातातलं काम टाकून ऐकत. येत्या रविवारी बाईंच्या हातावर कपटा पडला पाहिजे. नाही पडला तर बर्फ बंद. आणि बर्फ बंद झाला तर बर्फ्याला माळ्यावर ठेवून मालक त्याची पूजा थोडीच करणार होते. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगायचं तरी काय, या विचारानं त्या दिवशी त्यानं घरचा रस्ता चांगला लांबून घेतला होता.

“मग मी डोकं लढवलं,” बर्फोबा म्हणाला. “म्हटलं, नुसता कपटा भरकटतो आणि आकडा नाकासमोर पडतो. म्हणजे वजनात गोम आहे. कपट्याला जरा वजन दिलं तर? हिच्या एका जुन्या झग्याच्या चमक्या काढल्या आणि एकेका कपट्यावर खळीनं एकेक चिकटवली. ना हलका, ना भारी. आणि नेमका त्या दुपारी हा जेवायला आला.”

हा म्हणजे प्रोफेसर. तेव्हा ते प्रोफेसर नव्हते, परीक्षा देणारे बारीकसे मेहुणे होते आणि बहिणीच्या घरी जेवायला येताना पुस्तक काखोटीला मारून येत.

“मी तेव्हाच सांगितलं होतं,” प्रोफेसर म्हणाले. “आताही सांगतो. हलका कपटा हवेचा ताबेदार. हवा वळली की तो वळतो. आकड्याला हवेची पत्रासच नाही, तो सरळ खाली. पण भाऊजींनी शोधून काढला तो मधला. हा कुणाचंच ऐकत नाही. हवा वळते तेव्हा हाही वळतो, पण जरा उशिरा. तेवढ्यात भोवऱ्याबाहेर फेकला जातो आणि दुसऱ्या भोवऱ्याच्या तावडीत सापडतो. तिथे पुन्हा उशीर. एका चिमटीतले दोन सोडा, अगदी जुळे, एक विंगेत जाईल आणि दुसरा व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर.”

“का पण?” लाइटवाली म्हणाली. “नियम तर असतील ना काही.”

“नियम सगळे ठाऊक आहेत. सोडताना यांचं बोट किती थरथरलं, ते ठाऊक नाही. आणि पहिल्या भोवऱ्याला केसाएवढा असलेला फरक खाली येईपर्यंत हातभर होतो.”

“ऐकलंत?” बर्फोबा म्हणाला. “माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून, दुसऱ्यांदा वाढून घेता घेता मला सांगतोय की तुझी नोकरी गेली.”

“मी नोकरीचं बोललो नव्हतो.”

“भोवऱ्याचं बोललास, एकच झालं.”

पण खरं सांगायचं तर मेहुण्याचं ते बोलणं बर्फोबाच्या मनात तेव्हाच रुतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावर पालथं पडून पहिल्यांदा नीट खाली पाहिलं. दिव्यांची ऊब वर येत होती, तिला तापलेल्या धुळीचा आणि खळीचा वास होता. पंखे गरगरत होते. आणि बर्फ मुळीच सारखा पडत नव्हता. पंख्याखाली हवेचे जे भोवरे होते त्यांचं पोट रिकामं होतं, आणि चमकीवाले कपटे भोवऱ्यांच्या कडेकडेनं ओळी धरून सरकत होते, चौकातली गर्दी मधून न जाता भिंतीभिंतीनं जाते तशा. त्या ओळी मोडत होत्या, पुन्हा जुळत होत्या, आणि पुन्हा जुळलेली ओळ आधीची नसायची. तो खाली काय बघायला गेला होता हेच क्षणभर विसरला. पुढे कितीतरी वर्षं, माळ्यावर चढायचे पाय राहिले नाहीत तेव्हाही, डोळे मिटले की त्याला त्या ओळी दिसत. आता पंखेच खाली निजले होते. गार हवेचं यंत्र म्हणे आवाजसुद्धा करत नाही.

“मग काय केलं?” लाइटवाली म्हणाली.

इथे खरं म्हणजे बर्फोबानं सरळ सांगायचं होतं, की काहीच केलं नाही. जीव मुठीत धरून रविवारची वाट पाहिली. पण लाइटवालीनं वायरचं वेटोळं खाली ठेवलं होतं. ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवलं की बर्फोबाचा स्वतःवर ताबा राहत नसे.

“हवा शिकलो,” तो म्हणाला. “एकेका पंख्याचा स्वभाव शिकलो. हा इथला, याचं एक पातं वाकडं, हा नेहमी डावीकडे ढकलणार. तो पलीकडचा आळशी. सगळ्यांचा हिशेब लागला, पण एक झुळूक कमी पडत होती. प्रेक्षकांतून, तिसऱ्या रांगेतून, उजव्या बाजूनं. तर तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ यायचे. बारमाही सर्दी. असं शिंकायचे, की पुढच्या रांगेतल्या बायकांचे भांग बदलायचे. मी त्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, तुम्हाला शिंकायचंच आहे, तर नाटकाच्या भल्यासाठी शिंका. बाईंनी हात पुढे केला की मनात एक-दोन म्हणायचं आणि सोडायची.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं हळूच बाईंकडे पाहिलं. प्रोफेसरही पाहत होते.

बाईंनी मान हलवली. “होते ते,” त्या म्हणाल्या. “चौकड्यांचा मोठा रुमाल असायचा त्यांच्याकडे.”

बर्फोबा चपापला. तो गृहस्थ त्यानं पडदेवाल्याच्या मुलाच्या लग्नात, पंगत बसायला उशीर झाला म्हणून, उभ्या उभ्या तयार केला होता. त्या गृहस्थाकडे रुमाल होता हे बर्फोबालाच ठाऊक नव्हतं. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग मात्र बर्फोबाला कोण अडवणार.

“आला रविवार,” तो म्हणाला. “नाट्यगृह भरलेलं. मालक स्वतः विंगेत उभे, हाताची घडी घालून. बाईंनी हात पुढे केला. मी एकच कपटा चिमटीत धरला, हिनं वेगळा कापून दिलेला, आणि सोडला. शिंकही वेळेवर आली. पण त्या दिवशी शिंक जरा जोरातच आली. कपटा वळला, दिव्यांच्या उबेवर चढला, वर, वर, आणि वरच्या झरोक्यातून बाहेर गेला.”

“बाहेर,” पडदेवाला म्हणाला.

“रस्त्यावर. समोर न्हाव्याचं दुकान. तिथे एकजण दाढी करून घेत होता, त्याच्या गालाच्या फेसावर जाऊन बसला. न्हाव्यानं वस्तऱ्यानं उचलला आणि झटकला, तो गिऱ्हाइकाच्या कॉलरवर. गिऱ्हाईक घाईत. का, तर त्याचं तिकीट होतं, शेवटचा अंक तरी मिळावा म्हणून धावत आत आला. दार उघडलं त्याची जी झुळूक आली, तिच्यासरशी कपटा सुटला आणि पुन्हा स्टेजकडे.”

“आणि तोवर बाई हात पसरून बसल्या होत्या?” लाइटवाली म्हणाली.

“बाई कसलेल्या नटी होत्या. त्यांनी विराम घेतला.”

“पूर्ण दाढी होईपर्यंत?”

“एकच गाल राहिला होता.”

लाइटवालीनं ओठ दाबून धरले. प्रोफेसर खुर्चीत पुढे सरकले. “बाई,” ते म्हणाले, “मी काही बोलत नाही. तुम्हीच सांगा.”

बाईंनी जरा विचार केला. “न्हाव्याचं दुकान समोरच होतं,” त्या म्हणाल्या. “आणि विराम मी लांबच घ्यायची. मालक त्यावरून बोलायचे सुद्धा.” आणि त्यांनी मान हलवली.

प्रोफेसर मागे टेकले. त्यांचा चेहरा इतका पडला, की बर्फोबाला त्यांची दया आली. इतकी वर्षं हा माणूस खरं सांगत होता, निदान शिंकेच्या आणि न्हाव्याच्या बाबतीत तरी, आणि त्याची साक्षीदारच उलटली होती. आता फक्त शेवट उरला होता, आणि शेवटाला थापेची गरजच नव्हती. बर्फोबाचा आवाज आपोआप खाली आला.

“पुढचं काही लांबवत नाही,” तो म्हणाला. “मी वरून बघत होतो. बर्फ पडत होता म्हणून नीट दिसत नव्हतं. घामानं डोळे चुरचुरत होते. मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून काय करायचं ते बघू. आणि मग दिसलं. बाईंच्या तळहातावर, मधोमध, चमकी लकाकत होती. बाईंनी कपट्याकडे पाहिलं आणि नाटकाचं शेवटचं वाक्य म्हटलं, ‘आलास?’ एवढंच. या पडदेवाल्यानं पडदा सोडला. टाळ्या मागाहून आल्या. मालकांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. घरी गेलो तर ही दारातच उभी. गॅलरीच्या शेवटच्या रांगेतून पाहून पळत पळत माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कात्रीचा आवाज. पुढच्या प्रयोगाचे कपटे कापत बसली होती.”

तो थांबला. हा विराम मात्र त्यानं योजला नव्हता. ती कात्री अजून घरी होती, पण तिचा आवाज काही वर्षांपूर्वी थांबला होता.

“त्यानंतर एकही प्रयोग चुकला नाही,” तो म्हणाला. “नाटक बंद होईपर्यंत. कसा पडायचा ते मला विचारू नका. माझ्या हातून सुटायचा आणि बाईंच्या हातावर पडायचा. एवढंच मला ठाऊक आहे.”

प्रोफेसर उठले. त्यांनी चष्म्याची घडी करून खिशात ठेवली, बहिणीची आठवण झाल्यावर ठेवत तशी, सावकाश. “ठीक आहे, भाऊजी,” ते म्हणाले. “मला काही उलगडा होत नाही. पण शब्द म्हणजे शब्द. बाई, तुम्ही मान हलवलीत की मी गप्प.”

सगळे बाईंकडे वळले. बर्फोबाही वळला, निश्चिंत मनानं.

बाईंची मान हलली नाही.

“हे खोटं आहे, बर्फ्या,” त्या म्हणाल्या.

त्याला बर्फ्या म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

“एकदाही पडला नाही,” बाई म्हणाल्या. “त्या रविवारीही नाही, नंतरही कधी नाही. प्रयोगाआधी मी स्टेजवर फेरी मारायची. कालचे कपटे कुठे ना कुठे पडलेले असायचे. त्यातला एक उचलून मुठीत ठेवायची. हात पुढे करायची तो मूठ मिटूनच, आणि सावकाश उघडायची. हे पाव्हणे खरं तेच सांगत होते रे. असा कुणाच्या हातावर रोज बर्फ पडतो का?”

“पण का?” हे बर्फोबानं विचारलं की प्रोफेसरांनी, ते नीट कळलं नाही.

“मालकांनी तुला दिलेली ताकीद मी विंगेतून ऐकली होती. आणि तुझा बर्फ मला आवडायचा. अंगावरून जाताना ओळींनी जायचा.” बाईंनी मांडीवरची काठी उचलून जमिनीवर टेकवली. “मला वाटलं, तू वरून बघतोस, तुला कळलंच असेल, आणि कळून सांगतोयस. म्हणून शिंकेला मान हलवली, न्हाव्याला मान हलवली. शेवट ऐकला आणि कळलं, तुला ठाऊकच नाही. त्या थापा तुझ्या होत्या. ही माझी आहे.”